पथ्य टिकतें कशानें?

‘कळतें, पण वळत नाहीं’ या म्हणीचा आजमितीस सर्वांत अधिक प्रत्यय येतो तो जेवणाच्या पानावर. भात बेतानें घ्यावा, साखर कमी करावी, मीठ आटोक्यांत ठेवावें, रोज चालावें, हें ठाऊक नसलेला सुशिक्षित गृहस्थ शोधूनहि सांपडणार नाहीं. आणि हेंच पथ्य वर्षभर सुरळीत पाळणारा गृहस्थहि जवळजवळ तितकाच दुर्मिळ आहे. ज्ञान आणि आचार यांमध्यें पडलेलें हें अंतर भरून कसें काढावें, हा या महिन्याचा आमचा विषय.

निमित्त झालें तें मलकापूरहून आलेल्या एका भगिनीच्या पत्राचें. मलकापूर हें कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यांतील, रत्नागिरीच्या वाटेवर आंबा घाटाच्या अलीकडे वसलेलें, एके काळीं विशाळगड जहागिरीचें ठाणें असलेलें गांव. पाऊस तेथें चार महिने ठाण मांडून बसतो. या भगिनी लिहितात : “यजमानांचें वय बावन्न. गेल्या वर्षीं त्यांच्या रक्तांतील साखर वाढलेली निघाली. कोल्हापुरास जाऊन आहाराचा सल्ला घेतला. तेथें मिळालेला छापील तक्ता स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावला आणि दोन महिने अक्षरशः पाळला. वजन उतरलें, साखरहि उतरली. पुढें गणपति आले, पितृपक्ष आला, दिवाळी आली. तक्ता भिंतीवर राहिला आणि आमचें खाणें पूर्ववत् झालें. यजमान म्हणतात, ‘माझ्या अंगीं निग्रहच नाहीं.’ हा दोष खरोखर निग्रहाचा आहे काय?”

आमचें उत्तर असें कीं, दोष मुख्यत्वेंकरून निग्रहाचा नाहीं. जें पथ्य एका माणसाच्या निग्रहावर आणि एका कागदावर उभें केलेलें असतें, तें पहिल्या सणाबरोबर कोसळावयाचेंच. पथ्य टिकविणें हें एक स्वतंत्र काम आहे, त्याची एक रीत आहे, आणि ती जाणणारा आहारतज्ज्ञ काय करतो हें पाहिलें म्हणजे आपल्या घरीं काय चुकतें तें आपोआप ध्यानांत येतें.

कृश माणसासहि धोका

प्रथम हा प्रश्न किती घरांचा आहे तें पाहूं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळानें झालेल्या आणि २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार या देशांत सुमारें १० कोटि १० लक्ष लोकांस मधुमेह आहे, आणि आणखी सुमारें १३ कोटि ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. या उंबरठ्यावरच्या मंडळींपैकीं पुष्कळांना मागें फिरतां येतें, हीच यांतील दिलाशाची गोष्ट.

‘आमच्या घरांत कोणी लठ्ठ नाहीं’ असें म्हणून कित्येक कुटुंबें निर्धास्त असतात. त्यांनीं पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचें उदाहरण पाहावें. २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकांत त्यांचें व त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचें छायाचित्र शेजारींशेजारीं छापलें गेलें. उंचीच्या मानानें वजनाचा जो निर्देशांक काढतात तो दोघांचाहि एकच, २२.३. परंतु शरीरांतील चरबी मोजली तेव्हां युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली! तात्पर्य, आपल्याकडील माणूस दिसावयास सडपातळ असला तरी आंतून तसा असेलच असें नाहीं. म्हणून केवळ वजनकांट्यावर विसंबूं नये. कमरेचा घेरहि मोजावा. भारतीय पुरुषांत तो ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आंत असावा, असें तज्ज्ञ सांगतात.

तक्ता नव्हे, भेटी

आहार आणि व्यायाम यांनीं मधुमेह खरोखर टळतो काय, याची परीक्षा निरनिराळ्या देशांत शास्त्रीय पद्धतीनें झालेली आहे. फिनलंडमध्यें ५२२ आणि अमेरिकेंत ३२३४ माणसें घेऊन झालेल्या दोन मोठ्या प्रयोगांत मधुमेह होण्याचा संभव ५८ टक्क्यांनीं घटला. चेन्नई येथें डॉ. ए. रामचंद्रन यांनीं ५३१ जणांवर केलेल्या आणि २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तो सुमारें साडेअठ्ठावीस टक्क्यांनीं घटला.

आंकड्यांहूनहि महत्त्वाची आहे ती या प्रयोगांची कार्यपद्धति. फिनलंडमध्यें प्रत्येकास पहिल्या वर्षांत आहारतज्ज्ञांच्या सात भेटी ठरवून दिल्या होत्या आणि पुढें दर तीन महिन्यांनीं एक. अमेरिकेंत प्रत्येकामागें एक मार्गदर्शक नेमला होता. हा मार्गदर्शक बहुधा आहारतज्ज्ञच असे. त्यानें एकेकट्यास सोळा पाठ दिले आणि त्यानंतरहि संबंध तुटूं दिला नाहीं. अपेक्षा काय होती? वजन शेंकडा सात उतरावें आणि आठवड्यास दीडशें मिनिटें चालणें व्हावें, एवढीच. म्हणजे सत्तर किलोच्या माणसानें पांच किलो! चमत्कार यांत कोठेंच नाहीं; आहे तो पाठपुरावा. आणि आमच्याकडे काय होतें? एक भेट, एक कागद, आणि ‘सहा महिन्यांनीं या’.

कोणी म्हणेल, मलकापूरहून कोल्हापूर सुमारें ४५ किलोमीटर. पंधरा पंधरा दिवसांनीं कोणी जावें? या शंकेचेंहि उत्तर चेन्नईच्याच मंडळींनीं देऊन ठेवलें आहे. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दुसऱ्या प्रयोगांत ५३७ नोकरदार पुरुष होते. सर्वांना आरंभीं सारखाच उपदेश केला; मात्र निम्म्यांना पुढें मोबाइलवर आहार-व्यायामाचे छोटे संदेश नियमानें पाठविले. दोन वर्षांच्या अखेरीस संदेश न मिळालेल्यांपैकीं २७ टक्क्यांस मधुमेह जडला, तर संदेश मिळालेल्यांपैकीं १८ टक्क्यांस. तेव्हां पहिली भेट समक्ष व्हावी आणि पुढील चौकशी दूरध्वनीवरून व्हावी, असें आहारतज्ज्ञांशीं आधींच ठरवून घ्यावें. आपली कोणी आठवण ठेवून विचारपूस करीत आहे, ही जाणीवच माणसास अर्ध्या वाटेवरून परत आणते.

हिशेबाची वही

चांगला आहारतज्ज्ञ पहिल्या भेटींत सांगतो थोडें आणि विचारतो फार. काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लें? वाटी केवढी? चहा किती वेळां आणि साखर किती चमचे? स्वयंपाक कोण करतें? बाजार कोण आणतें? ही चौकशी म्हणजे उलटतपासणी नव्हे. घराची रीत समजून घेतल्यावांचून तींत बदल सुचविणें म्हणजे पायाचें माप न घेतां वहाण शिवणें होय.

नंतर येतो हिशेब. समजा, घरांत चार माणसें आहेत आणि महिन्यास पांच किलो तेल लागतें. भागाकार करून पाहा : माणशीं रोज सुमारें ४२ ग्रॅम झालें, तूप आणखी निराळें! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनांत दोन हजार कॅलरींच्या दिवसभराच्या आहारांत तेलतुपाचें प्रमाण २७ ग्रॅम धरलेलें आहे. तीच गोष्ट चहाची. दिवसाकांठीं चार कप आणि कपास दोन लहान चमचे साखर, म्हणजे रोज ४० ग्रॅम, महिन्यास सव्वा किलोच्या आसपास. वरून घातलेली साखर शक्य तर दिवसास २५ ग्रॅमच्या आंत असावी, असें जागतिक आरोग्य संघटना म्हणते. गोड पदार्थाला हात न लावतांहि ही मर्यादा चहानेंच ओलांडली!

येथें कोल्हापूरकरांस एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. ‘आम्ही साखर सोडली, आतां गूळ खातों’ असें पुष्कळजण समाधानानें सांगतात. कोल्हापूरच्या गुळाची ख्याति आम्हांस मान्य आहे. परंतु रक्तांत गेल्यावर गूळ आणि साखर यांत मधुमेह्याच्या दृष्टीनें फारसा भेद उरत नाहीं. साखरेच्या जागीं गूळ घेणें म्हणजे एका खिशांतील खर्च दुसऱ्या खिशांतून करणें.

हिशेब समोर आला म्हणजे बदल काय करावा हें रुग्णालाच सुचूं लागतें, आणि स्वतःला सुचलेला बदल माणूस अधिक पाळतो. जाणता आहारतज्ज्ञ एका वेळीं एक किंवा फार तर दोनच बदल पक्के करतो. ‘भात कमी खा’ हा नुसता उपदेश झाला. ‘रात्रीं भाताची एकच मूद, आणि तीहि कोशिंबीर, भाजी व घट्ट वरण झाल्यावर’ हा करार झाला. ‘व्यायाम करा’ हा उपदेश; ‘सायंकाळचा चहा होतांच वीस मिनिटें चालावयाचें’ हा करार. रोजच्या एखाद्या ठरलेल्या कृत्याला नवी संवय बांधून टाकली म्हणजे ती आठवणीवर अवलंबून राहत नाहीं. शाहूवाडीच्या पावसांत बाहेर पडणें अशक्य, तर पावसाळ्यापुरता करार निराळा लिहावा : पडवींत फेऱ्या घालाव्या, किंवा देवळाच्या सभामंडपांत. ज्येष्ठांतच हें ठरवून ठेवावें. आषाढांत ठरवूं म्हटल्यास आश्विन उजाडतो.

संवय जडण्यास किती दिवस लागतात? लंडनमधील संशोधकांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत ९६ जणांनीं एकेक नवी संवय लावून घेण्याचा यत्न केला. मध्यम मान निघालें ६६ दिवसांचें; कोणाचें काम १८ दिवसांत झालें, तर कोणास अडीचशेंहून अधिक दिवस लागतील असा हिशेब निघाला. मलकापूरच्या गृहस्थांनीं दोन महिने पथ्य पाळलें, आणि तें पक्कें होण्याच्या सुमारासच सणांची रांग उभी राहिली. याला निग्रहाचा अभाव कसें म्हणावें? नवीन लावलेल्या रोपावर गारा पडल्या, एवढाच त्याचा अर्थ.

सणवार आणि आग्रह

आपल्या घरांत पथ्याचे खरे शत्रु दोन : एक सण आणि दुसरा आग्रह. पैकीं सण कांहीं चोरपावलांनीं येत नाहींत. ते वर्षभर आधीं पंचांगांत छापलेले असतात. म्हणून आहारतज्ज्ञाकडे जातांना पंचांग अवश्य बरोबर न्यावें, आणि पुढील तीन महिन्यांत कोणत्या दिवशीं काय होणार, त्याचा बेत आधींच करावा. चतुर्थीच्या दिवशीं दोन मोदक खाल्ल्यानें आकाश कोसळत नाहीं. घात करतें तें प्रसाद, खिरापत, फराळाचे डबे आणि उरलेलें संपविणें यांत जाणारे पंधरा दिवस. सण एका दिवसाचा असेल तर तो एका दिवसांतच साजरा व्हावा, हा नियम साधा आहे आणि देवाधर्माच्या आड येणारा नाहीं.

उपवासांचें तर विचारूंच नये. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपण हंसत हंसत सांगतों. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि त्यावर तूप, दाणे व बटाटा यांचा भर. त्याऐवजीं राजगिरा किंवा वरी यांचा बेताचा पदार्थ व सोबत ताक किंवा दहीं घेतलें तर उपवासहि घडतो आणि पथ्यहि राहतें. मात्र जे मधुमेहाच्या गोळ्या घेतात किंवा इन्सुलिन टोंचून घेतात, त्यांनीं डॉक्टरांस विचारल्याखेरीज कडक उपवास मुळींच करूं नये. रक्तांतील साखर एकाएकीं उतरणें हें चढण्याइतकेंच, प्रसंगीं अधिकहि, घातक असतें.

आग्रहाची गोष्ट नाजूक. पंक्तींत ‘माझ्यासाठीं एवढी तरी घ्याच’ म्हणून पानांत पडलेली जिलबी परत करणें आपल्या रीतींत बसत नाहीं. यावर उपाय पंक्तींत सुचत नाहीं. तो आधीं करावा लागतो. यजमानीणबाईंस आदल्या दिवशींच कळवावें, “आमचें पथ्य चालू आहे; एकच वाढा, आनंदानें घेऊं.” अशीं वाक्यें आधीं बोलून पाहावयास लावणें, हाहि आहारतज्ज्ञाच्या कामाचाच भाग आहे. आणि आम्हीं जे वाढणारे, त्यांनींहि प्रेमाचें माप जिलब्यांच्या संख्येवरून करण्याचें आतां सोडून द्यावें.

इतकें करूनहि पथ्य कधीं तरी मोडणारच. तेव्हां ‘मोडलेंच आहे, तर आतां मोकळेपणानें खाऊं’ ही जी वृत्ति उठते, तीच खरी वैरीण. रोजच्या पूजेंत एक दिवस खंड पडला म्हणून कोणी देव्हारा मोडीत काढीत नाहीं; दुसऱ्या दिवशीं स्नान करून पुनः पूजेस बसतो. पथ्याचेंहि तसेंच समजावें. चांगला आहारतज्ज्ञ अशा वेळीं रागें भरत नाहीं. त्या दिवशीं निराळें काय घडलें, एवढेंच तो विचारतो, आणि पुढच्याच जेवणापासून घडी पूर्ववत् बसवितो. अमेरिकेंतील त्या प्रयोगांतल्या मंडळींचें वजनहि पुढें कांहीं अंशीं पुनः वाढलें. तरीसुद्धां आरंभापासून दहा वर्षांनीं पाहिलें तेव्हां त्यांच्यांत मधुमेहाचें प्रमाण ३४ टक्क्यांनीं कमीच होतें. केलेलें पथ्य वायां जात नाहीं.

घरांतील बाईचें पथ्य

आतां त्या पत्राच्या अखेरच्या ओळींकडे वळतों. “तपासणीस गेलों तेव्हां माझाहि रक्तदाब वाढलेला निघाला,” या भगिनी लिहितात, “पण एकाचें पथ्य सांभाळतां सांभाळतां दिवस पुरत नाहीं, माझें कोण पाहणार? तें असो.”

तें असो, असें म्हणून हें सोडून देण्यास आम्ही तयार नाहीं. यजमानांसाठीं निराळी भाकरी, मुलांसाठीं निराळी भाजी, सासूबाईंसाठीं मऊ भात, आणि स्वतः सर्वांच्या मागून, जें उरेल तें, टाकावयाचें नाहीं म्हणून! निराळा स्वयंपाक करावा लागणारें पथ्य टिकत नाहीं याचें कारण हेंच, कीं तें एका बाईच्या पाठीवर लादलेलें असतें. ती थकली कीं तें संपलें. शिवाय लोणचें, पापड, सांडगे, मेतकूट यांवर ज्या गृहिणीचें घाईचें जेवण भागतें, तिच्या पोटांत दिवसास पांच ग्रॅमची मिठाची मर्यादा केव्हांच ओलांडून जाते.

म्हणून जो आहारतज्ज्ञ रुग्णाबरोबर सर्व घराला बोलावतो, तो आम्हांस खरा जाणता वाटतो. तो घरभर एकच स्वयंपाक सांगतो : भाजी-कोशिंबीर अधिक, डाळ-उसळ पुरेशी, भात-पोळी बेताची, मीठ-तेल मोजून. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या ताटांत दिवसास ४०० ग्रॅम भाज्या आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यें आहेत. हें कांहीं आजाऱ्याचें ताट नव्हे, मुलांपासून आजोबांपर्यंत कोणासहि थोड्याबहुत फरकानें चालणारें आहे. (मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीं मात्र डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेंच वागावें.) दुसरें, तो कामें वांटून देतो. यजमानांनीं आपला भात आपण मोजून घ्यावा, आपला चहा आपण करावा, आपल्या वजनाची नोंद आपण ठेवावी. बायकोला पहारेकरीण केलें म्हणजे पथ्य तर टिकत नाहींच, पण घरांत कटुता मात्र येते. आणि तिसरें, तो त्या बाईलाहि विचारतो, ‘आपला रक्तदाब किती?’ नवराबायकोंनीं एकत्र चालावयास जावें, एकत्र जेवावयास बसावें, दोघांच्या नोंदी एकाच वहींत असाव्या. मलकापूरच्या घरांत पथ्याचा दुसरा आरंभ व्हावयाचा असेल, तर तो या भगिनींच्या रक्तदाबापासून व्हावा, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

सल्ला कोणाचा घ्यावा

जातां जातां एक इशारा. भारतीय आहारतज्ज्ञांची संघटना १९६३ सालीं स्थापन झाली आणि २०२१ च्या कायद्यानें या व्यवसायास संलग्न आरोग्य-व्यवसायांत स्थान दिलें आहे. तेव्हां सल्ला घेण्यापूर्वीं त्या माणसानें पोषणशास्त्राचें रीतसर शिक्षण घेतलें आहे काय, हें विचारण्यांत संकोच नसावा. ‘महिन्यांत दहा किलो उतरवितों’ अशी हमी देऊन चूर्णाचे डबे विकणाऱ्यांपासून चार हात दूर राहावें. ज्यांस शहरीं जाणें जमत नाहीं, त्यांनीं निदान तपासणी तरी टाळूं नये. तिशी उलटलेल्या स्त्रीपुरुषांचा रक्तदाब आणि रक्तांतील साखर सरकारी आरोग्यकेंद्रांत तपासून मिळते, आणि गांवची आशाताई त्याबाबत माहिती देऊं शकते.

सारांश, पथ्य टिकतें तें एकट्याच्या निग्रहानें नव्हे. लहानशा करारानें, वारंवार होणाऱ्या विचारपुशीनें, सणांच्या आगाऊ बेतानें आणि घरांतील सर्वांनीं वांटून घेतलेल्या भारानें टिकतें. येत्या महिन्यांत आमच्या वाचकांनीं एवढेंच करावें : महिन्याच्या तेलाचा आणि साखरेचा माणशीं हिशेब काढावा, घरांतील स्त्रीचा रक्तदाब मोजून घ्यावा, आणि सर्वांनीं मिळून एकच बदल ठरवावा. तो कोणता ठरला आणि दोन महिन्यांनंतर त्याचें काय झालें, हें आम्हांस अवश्य कळवावें. मोडला असेल तर तो कोठें मोडला, हेंहि नि:संकोचपणें लिहावें. इतर घरांस त्याचाच उपयोग अधिक होईल.